पॅनेलच्या डोक्यावर भोक पाडू नका (डे-नाइट सेन्सरबद्दल, जरा लांबलचक)

तुमची पोस्ट वाचली आणि सात वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. गेटजवळचं उघड्यावरचं विजेचं पॅनेल, वॉचमन सकाळी दिवे बंद करायला विसरतो म्हणून कमिटीची भुणभुण, वायरमनने सुचवलेला स्वस्तातला सेन्सर (अंधार पडला की दिवे लावणारा, उजाडलं की विझवणारा), आणि "त्याला आकाश दिसायला पाहिजे" म्हणून तो पॅनेलच्या वरच्या पत्र्यातच बसवायचा बेत. वरून भोक पाडून कडेने सिलिकॉन मारलं तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. माझ्या मते अजिबात नाही. का ते सांगतो.

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रिशियन नाही. बदलापूरला ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा सहा वर्षं सचिव होतो. जे कळलं ते पैसे मोजून कळलं. प्रत्यक्ष काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट घ्या. मेन बंद करणं, टेस्टरने तपासणं वगैरे तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही.

आमचं पॅनेल दोन कप्प्यांचं. वर कॉमन मीटर, त्या कप्प्याला वीज कंपनीचं सील. खाली आमचे एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच. एप्रिलच्या उन्हात वायरमन ड्रिल घेऊन स्टुलावर चढला, "साहेब, कुठे पाडू?" म्हणाला आणि मी बोट दाखवलं, "इथेच, मधोमध." स्टूल मीच धरलं होतं. सील तुटलं नाही म्हणून आम्ही दोघंही खूश. भोक सीलबंद कप्प्याच्या छपरातच पडतंय हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सिलिकॉन मे महिन्यातच सुटायला लागलं. दुपारी पत्रा हात ठेववणार नाही इतका तापतो, रात्री निवतो, आणि त्या ताणाताणीत सिलिकॉनची कड सुटते. जूनमध्ये पाऊस लागला. सेन्सरच्या बुडाशी पाणी साचायचं आणि वायरीच्या अंगाने थेंबथेंब खाली उतरायचं. एका पहाटे पंप बंद, लिफ्ट बंद, मीटरचा डिस्प्ले कोरा. काचेतून पाहिलं तर मीटरच्या डोक्यावर हिरवट डाग आणि खाली पाण्याची रेघ. पॅनेल आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) होतं बरं का, बिलावर तसं लिहिलेलंही होतं. पण तो आकडा कारखान्यातून निघालेल्या अखंड डब्याचा. त्यातला ६ धुळीसाठी, ५ पाण्याच्या फवाऱ्यासाठी. तुम्ही ड्रिल लावलंत की तो आकडा संपला.

आता वीज कंपनीच्या कार्यालयाबद्दल. नाव घेत नाही, घ्यायचंही नाही. पहिल्या खिडकीवर सांगितलं, मीटर विभागात जा. मीटर विभाग म्हणाला, अर्ज बिलिंगला द्या. बिलिंगवाला जेवायला गेलेला. वीज दुसऱ्या दिवशी रात्री आली, पण तपासायला आलेल्या माणसाने भोकाचा फोटो काढला आणि "सीलबंद भागात छेडछाड" असा शेरा मारला. पुढे पाच आठवडे मी विद्युत अधिनियम २००३ चं कलम १३५, म्हणजे वीजचोरीचं कलम, या शब्दांखाली झोपलो. युनिट एकही कमी पडलं नव्हतं, सगळी बिलं भरलेली होती, पण भोक होतं आणि ते आमचं होतं. सील त्यांचं, पत्रा आमचा, पाऊस देवाचा, आणि फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते कोणालाच माहीत नाही. शेवटी नव्या मीटरचे पैसे आणि नवं पॅनेल धरून सव्वीस हजारांच्या आसपास गेले. सर्वसाधारण सभेत काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही.

सेन्सर कसा बसवायचा? पॅनेलवर बसवूच नका. शेजारच्या भिंतीवर किंवा खांबावर ब्रॅकेट ठोका, सेन्सर तिथे. केबल पॅनेलमध्ये खालूनच न्या, मापाच्या ग्लँडमधून (केबल घट्ट धरून भोक बंद ठेवणारी चूड). ग्लँडमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ओघळून जमिनीवर पडतं. सोसायटीच्या कारभारात चालतो तो एवढा एकच झोल. जुनं एखादं भोक रिकामं राहिलं असेल तर ब्लँकिंग प्लग लावून बंद करा, नाहीतर आत पाल शिरते आणि बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर, जळून जाते. आमच्याकडे दोनदा झालंय.

सेन्सरचं तोंड उत्तरेकडे ठेवा, मावळतीचं ऊन सहसा समोरून लागत नाही. आणि आपल्याच दिव्याचा उजेड त्याच्यावर पडता कामा नये. पडला की दिवा लागतो, सेन्सरला वाटतं उजाडलं, दिवा विझतो, पुन्हा अंधार, पुन्हा दिवा. रात्रभर गणपतीच्या मंडपासारखं चालतं.

वायरिंगमध्ये एक मेख आहे आणि वायरमन लोक इथेच फसतात. आपल्याकडे लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल, हे जुन्या लोकांच्या हातात बसलेलं. बाजारातल्या बहुतेक तीन वायरींच्या सेन्सरमध्ये मात्र काळी फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि लाल दिव्याकडे जाणारी. आमच्या माणसाने सवयीने लालला फेज दिली आणि सेन्सर उडाला. खोक्यावरचं चित्र बघायला लावा, तो "मला माहितीये" म्हणाला तरी.

सेन्सरने फेजच तोडली पाहिजे. अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये एकटा स्विच घालायला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत बंदी आहे (सध्याचे नियम २०२३ चे). घालायचाच तर फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा. न्यूट्रल तुटला तर दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये करंट जिवंत असतो. आणि सेन्सर फेज तोडत असला तरी दिवसाउजेडी दिवा दुरुस्त करताना एमसीबी खाली पाडा. ढग आला, कोणाची सावली पडली, की सेन्सर आपला धर्म पाळतो आणि शिडीवरचा माणूस खाली येतो.

तुम्ही २२ एलईडी फ्लडलाइट म्हणालात. ५० वॅटचे धरले तर ११०० वॅट, म्हणजे जेमतेम पाच अँपिअर. सेन्सरवर १० लिहिलंय म्हणून सगळे थेट जोडतात. पण एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढतात आणि सेन्सरच्या आतला छोटा रिले (दिवे चालू-बंद करणारा स्विच) चिकटतो. मग दिवे भरदुपारी चालू, आणि दोष वॉचमनला. सेन्सरने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार पेलणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल चालवावी, दिव्यांचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. सोबत ऑटो-बंद-मॅन्युअल असा सिलेक्टर स्विच घाला. सेन्सर रविवारीच बिघडतो.

पावसात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारं उपकरण) ट्रिप होतंय म्हणून ते बायपास करायचा सल्ला कोणी दिलाय, त्याला घरी पाठवा. ट्रिप होतंय म्हणजे ते काम करतंय. गेटजवळ पोरं खेळतात. एकेक सर्किट वेगळं करून ओला सांधा शोधा. बागेतल्या खांबांच्या बुडाशी सापडण्याची शक्यता जास्त.

खरं विचाराल तर मी आता सेन्सरच लावणार नाही. ॲस्ट्रो टायमर लावीन. गावाचं अक्षांश-रेखांश दिलं की रोजचा सूर्यास्त तोच काढतो आणि पॅनेलच्या आत डिन रेलवर (एमसीबी बसवायच्या धातूच्या पट्टीवर) बसतो. बाहेर काही नाही, भोक नाही. साधा टायमर घेऊ नका. मुंबईकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासात उलटून. दर महिन्याला वेळ कोण बदलणार? पुन्हा वॉचमनच. ॲस्ट्रो महाग पडतो हे मान्य. शिवाय पावसाळ्यात दुपारी चारला अंधारलं तरी तो दिवे लावत नाही, हेही मान्य. तेवढ्यासाठी सिलेक्टर आहेच. इथले काही जण असहमत असतील, त्यांनी जरूर लिहावं.

भोक आधीच पाडून झालं असेल (पोस्टच्या सुरावरून शंका येते), आणि ते सीलबंद बाजूला असेल, तर स्वतः काहीही उघडू नका. फोटो काढा, सोसायटीच्या लेटरहेडवर काय केलं आणि कधी केलं ते सरळ लिहून अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्या. "साहेब नाहीत, उद्या या" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्याकडे ती प्रत नव्हती, म्हणून ते पाच आठवडे.