सरव्याचा अर्थ आधी त्या घरात जाऊन ऐका

भाऊ, सलाम.

तुमची अडचण कळली. चर्चच्या पाळकसाहेबांची बदली झाली, नवे अजून आले नाहीत, आणि खेड्यातल्या मंडळीच्या कापणीच्या सणाचा संदेश पंचांनी तुमच्यावर सोपवला. उतारा रूथ २, म्हणजे बायबलमधल्या रूथ या पुस्तकाचा दुसरा अध्याय: विधवा रूथ सासूसोबत परक्या देशात येते आणि बवाज नावाच्या मालकाच्या शेतात कणसं वेचते. इंग्रजीतली चार प्रवचनं ऐकून तुम्ही बारा पानं लिहिलीत, आणि आता म्हणता, "यातलं काहीच माझं वाटत नाही."

मी ३१ वर्षं पाळकपण केलं, त्यातली बरीचशी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत. ती पानं सध्या बाजूला ठेवा, पुढे उपयोगी पडतील. आधी तो अध्याय घेऊन त्या मंडळीतल्या एखाद्या घरी जा. मोठ्याने वाचा आणि मग गप्प बसा.

हे मी याच उताऱ्यावर शिकलो. सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणाच्या शाळेतून, नुकताच बाहेर पडलो होतो. एका आजारी आजींना भेटायला गेलो आणि रविवारची तयारी डोक्यात होती म्हणून तिथेच रूथ वाचला. "सरवा" हा शब्द आला तसा मी अर्थ सांगू लागलो, की पीक काढल्यावर रानात मागे राहिलेली कणसं, ती गरिबांसाठी सोडण्याचा बायबलच्या लेवीय पुस्तकातल्या १९ व्या अध्यायातला नियम, वगैरे. आजी उशीवर जरा वर सरकल्या. म्हणाल्या, "साहेब, सरवा मला सांगता व्हय? आईसंगं जोंधळ्याच्या रानात येचलाय म्या. मालक बांधावर असला की मान वर करायची न्हाई. एक मालकीण मातर पेंढ्या बांधता बांधता चार कणसं पडू द्यायची. आमच्याकडं बघायची न्हाई. बघितलं असतं तर ती भीक झाली असती."

मी घरी येऊन १५ आणि १६ ही वचनं पुन्हा वाचली. बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांमधूनही तिला वेचू द्या, तिला लाजवू नका; काही कणसं मुद्दाम काढून टाका आणि तिला धमकावू नका. पंधराव्या वचनात मूळ इब्रीत (हिब्रू भाषेत) पाणउतारा करणं या अर्थाचं क्रियापद आहे. ते मी सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण बवाज हे सगळं रूथ उठून गेल्यावर गड्यांना सांगतो, तिच्यासमोर सांगत नाही, इकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. नियमाप्रमाणे शेताचे कोपरे न कापता ठेवले आणि सरवा सोडला की मालकाचं काम संपत होतं. विसरलेली पेंढी परदेशी, अनाथ आणि विधवा यांची, असं बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा २४ वा अध्याय सांगतो. रूथ परदेशीही होती आणि विधवाही. बवाज त्याच्या पुढे जातो, आणि तिला कळूही देत नाही. संध्याकाळी ती झोडून एफाभर सातू घरी नेते, म्हणजे सुमारे २२ लिटर मापाचे. दुपारच्या जेवणात उरलेलं भाजलेलं धान्य, आपल्या हुरड्याच्या जवळचं, तेही सासूसाठी राखून ठेवते. त्या रविवारी मी एवढंच बोललो, वीस मिनिटांत.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून मराठी पवित्र शास्त्र केलं, ते साध्या बायाबापड्यांना कळावं या ध्यासाने. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. एवढे कष्ट ज्यांच्यासाठी केले त्यांच्यासमोर आपण अर्थाची गाठोडी इंग्रजीतून आणून सोडतो, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता माझी एक चूक सांगतो. एका मंडळीत दोन भावांचा बांधावरून वाद होता. मी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायावर संदेश दिला. नाव घेतलं नाही, पण बोट कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळलं. थोरल्या भावाच्या कुटुंबाची जागा सात महिने रिकामी राहिली. त्या अध्यायात प्रभू सांगतो की आधी एकटा जा, दोघेच असताना बोल. तेच वचन मी दीडशे माणसांसमोर वाचलं, आणि त्याच्या ओट्यावर एकदाही गेलो नव्हतो. शेवटी गेलो. त्याने चहा दिला, बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या रविवारी एकटाच आला. बायको आणि मुलं आली ती नाताळला.

म्हणून सणाला बोलताना दानाचा आकडा, कुणी काय आणलं, कुणी आणलं नाही, यातलं काही काढू नका. लोक पोती, फळं, कोंबड्या घेऊन येतात, नंतर लिलाव होतो, मंडळीला आनंद असतो, आणि तो असावाच. पण रोजंदारीवर जाणाऱ्या दोन-चार बाया त्या दिवशी मागच्या रांगेत बसतात, पदर सावरत.

कागदावरून वाचावं का, तेही विचारलंत. पहिल्या वेळी पूर्ण लिहून न्या, पण वाचू नका. वेळ झाली की थांबा.

आणि शक्य असेल तर शुक्रवारीच गावात जा. त्या बायांपैकी एकीच्या घरी रूथ २ वाचा. मग पंचांना विचारा, रविवारचं शास्त्रवाचन तिने केलं तर चालेल का. वाचता येत नसेल तर दोन दिवसांत ती पाठ करेल. आमच्याकडच्या एका मावशींनी अख्खं २३ वं स्तोत्र असंच पाठ म्हटलं होतं. वाचन झालं की तुम्ही लगेच उभे राहू नका. मंडळीला तिचा आवाज थोडा वेळ कानात राहू द्या.