एक ‘तार्लालारी’, अर्थ चार

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते आणि मोबाइलवर तुर्की शिकते. ‘तार्ला’ म्हणजे वावर, ‘तार्लालार’ म्हणजे वावरे आणि ‘तार्लालारीम’ म्हणजे माझी वावरे, इथवर समजले. ‘त्यांची वावरे’ यासाठी मी ‘तार्लालारलारी’ लिहिले, ते मात्र चूक ठरले. ‘लार’ दोनदा का येत नाही?

उत्तर : आपण नियमाने चाललात, म्हणूनच अडखळलात. तुर्कीत मूळ शब्दाला आधी अनेकवचनाचा, मग मालकीचा आणि शेवटी विभक्तीचा प्रत्यय लागतो. जसे तार्ला-लार-ईमीझ-दा, म्हणजे ‘आमच्या वावरांत’. (‘तार्लालारीम’मधला ‘माझा’ दाखवणारा ‘म’ आपल्या ओळखीचा आहे, ‘बेगम’ शब्दाच्या शेवटी तोच आहे, असे मानतात.) परंतु ‘त्यांचा’ दाखवणारा प्रत्यय मुळातच ‘लारी’ असल्यामुळे त्याच्याआधी अनेकवचनाचा ‘लार’ आला की दोहोंपैकी एकच उरतो. त्यामुळे ‘तार्लालारी’ या एकाच रूपाचे ‘त्याची वावरे’, ‘त्यांचे वावर’ आणि ‘त्यांची वावरे’ असे तीन अर्थ होतात; शिवाय ‘ती वावरे पाहिली’ अशा वाक्यातल्या कर्माचे रूपही हेच.

हा घोळ परका वाटायला नको. ‘पाटलांचे वावर’ म्हटल्यावर मालक आदरार्थी एकच पाटील आहेत की चार भाऊ, हे सातबारा पाहिल्याशिवाय आपल्याला तरी कुठे कळते? आपल्याकडे संदिग्धता मालकाच्या संख्येत आहे, तुर्कीत ती मालक आणि वस्तू या दोहोंच्या संख्येत आहे, एवढाच फरक.

तुर्की माणूस गरज पडली की मालकाचा उल्लेख करून मोकळा होतो. ‘ओनून तार्लालारी’ म्हणजे त्याची वावरे. ‘ओन्लारीन तार्लासी’ म्हणजे त्यांचे एकच वावर; येथे ‘ओन्लारीन’मध्येच मालक अनेक असल्याचे आल्यामुळे वावराला एकाच मालकाचा, म्हणजे ‘त्याचा’ दाखवणारा ‘सी’ प्रत्यय पुरतो. वावरेही अनेक असतील तर ‘ओन्लारीन तार्लालारी’ लिहावे. ‘चिफ्तचिलेरिन तार्लासी’, म्हणजे शेतकऱ्यांचे वावर, हेही याच रीतीचे. त्यात ‘लार’चा ‘लेर’ झाला, कारण आधीचा स्वर ‘इ’ आहे.

‘इनेक’, म्हणजे गाय, हा शब्द घेतलात तर आणखी एक गंमत दिसेल. ‘माझी गाय’ म्हणताना त्यातला ‘क’ विरघळून ‘इनेइम’ असे ऐकू येते, पण ‘माझ्या गाई’ म्हणताना मध्ये ‘लेर’ आल्यामुळे तो शाबूत राहतो : ‘इनेक्लेरिम’.