जिंकायची पद्धत हाती असताना केन युस्टनने ती पुस्तकात का छापली?

तुम्ही विचारलंय की कॅसिनोवर पुस्तकं लिहिणारा केन युस्टन खरंच ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारात जिंकायचा का, आणि जिंकत होता तर आपली युक्ती त्याने सगळ्या जगाला का सांगून टाकली.

जिंकायचा. आणि पद्धत छापली तेव्हा ती त्याच्या स्वतःच्या फारशी कामाची उरली नव्हती. लास व्हेगासच्या कॅसिनोंना त्याचा चेहरा पाठ झाला होता. ज्याला टेबलावर बसूच देत नाहीत, त्याने निघून गेलेल्या पत्त्यांची मोजणी डोक्यात साठवून करायचं काय? पण एवढंच कारण असतं तर इतकं लांब लिहायला मी बसले नसते. आपण फसवाफसवी करत नाही, डोकं वापरून खेळतो, हे लोकांनी मान्य करावं असा त्याचा हट्ट होता. त्याची पुस्तकं, वेषांतरं, खटले, सगळं त्या हट्टातून आलं असं माझं मत आहे. आणि त्या हट्टाची पहिली किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली.

युस्टन १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. वडील जपानी, मूळ नाव केनेथ सेन्झो उसुई. सोळाव्या वर्षी येल विद्यापीठात प्रवेश, पुढे हार्वर्डचं एमबीए, मग टेलिफोन कंपनी, सिमेंट कंपनी अशा नोकऱ्या करत सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजमध्ये सीनियर व्हाइस प्रेसिडेंट. फावल्या वेळात जॅझ पियानो, तोही चांगला. आपल्याकडे अशा मुलाला ‘लाइफ सेट आहे’ म्हणतात. हा माणूस पत्त्यांच्या टेबलावर गेला तो पोटासाठी नक्कीच नव्हे.

पत्ते मोजून कॅसिनोचा फायदा उलटवता येतो हे एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ सालीच पुस्तक लिहून दाखवलं होतं. ब्लॅकजॅकमध्ये एकवीसच्या जवळ जायचं, पण ओलांडायचं नाही. डीलरला, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याला, मर्जी नसते. सोळापर्यंत त्याला पत्ता घ्यावाच लागतो, सतराला थांबावं लागतं. उरलेल्या पत्त्यांत चित्रं, दश्श्या आणि एक्के जास्त असले की डीलर बारा ते सोळात अडकून फुटण्याची, म्हणजे एकवीस ओलांडून हरण्याची, शक्यता वाढते. शिवाय पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झालं (यालाही ब्लॅकजॅकच म्हणतात) तर खेळाडूला दोनाला तीन या दराने पैसे मिळतात, डीलरला नाही. म्हणून कोणते पत्ते निघून गेले हे ज्याला ठाऊक, त्याला जास्त पैसे कधी लावायचे हेही ठाऊक.

युस्टनने शिकवलेली साधी अधिक-उण्याची पद्धत घ्या. तिर्रीपासून सत्तीपर्यंतचा प्रत्येक पत्ता अधिक एक. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का उणे एक. दुर्री, अठ्ठी, नव्वी शून्य. समजा टेबलावर सत्ती, राजा, पंजी, तिर्री, नव्वी, छक्की पडली. एक, शून्य, एक, दोन, दोन, तीन. म्हणजे मोजणी अधिक तीन. हा आकडा पुढे चालू ठेवायचा आणि अजून किती कॅट शिल्लक आहेत त्याने भागायचा. मोजणी अधिक बारा असून तीन कॅट शिल्लक असतील तर खरी मोजणी चार, तेव्हा हात सैल सोडायचा. यात राष्ट्रीय रहस्य काही नाही. घरी पत्त्यांचा एक कॅट घेऊन एकेक पत्ता उलटत मोजत गेलात, तर शेवटच्या पत्त्याला उत्तर बरोबर शून्य यायला हवं. अधिकचे वीस पत्ते, उण्याचे वीस, बाकी बारा शून्याचे.

अवघड आहे ते लपणं. जो माणूस मघापासून पाच डॉलर लावतोय आणि मोजणी चढली की अचानक पाचशे लावतो, तो टेबलांवर लक्ष ठेवणाऱ्या पिट बॉसच्या नजरेतून कसा सुटेल? याचं उत्तर अल फ्रान्सेस्को नावाच्या खेळाडूने काढलं, आणि माझ्या मते या खेळातली ती सर्वांत सुंदर कल्पना आहे. त्याने माणसंच वाटून टाकली. चारपाच जण वेगवेगळ्या टेबलांवर किमान रक्कम लावत मुकाट मोजत बसणार. एखाद्या टेबलावर मोजणी चढली की तिथला माणूस खुणेने कळवणार. मग ‘बडा खेळाडू’ ऐटीत येऊन थेट मोठी रक्कम लावणार आणि मोजणी उतरली की उठून जाणार. त्याने मोजताना कुणी पाहिलेलं नसतं, रक्कम वाढवतानाही पाहिलेलं नसतं. बघणाऱ्याला तो पैशाची मस्ती आलेला श्रीमंत वाटतो.

फ्रान्सेस्कोने युस्टनला आपल्या संघात घेतलं. आधी तो मोजणाऱ्यांत होता, मग बडा खेळाडू झाला, आणि त्या भूमिकेत तो शोभलाही. स्टॉक एक्स्चेंजचा अधिकारी, बोलका, पैसे उधळल्याचा आव सहज आणणारा. काही काळ सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि शनिवार-रविवार कॅसिनो असं दुहेरी आयुष्य तो जगला. नंतर ऑफिस सुटलं.

१९७७ साली रॉजर रॅपोपोर्ट या लेखकासोबत त्याने ‘द बिग प्लेअर’ लिहिलं. संघ कसा चालतो, खुणा कशा, सगळं त्यात. फ्रान्सेस्कोने वर्षानुवर्षं गुपचूप जपलेली गोष्ट पुस्तकाच्या दुकानात आली आणि त्याच्या माणसांना लास व्हेगासची दारं बंद झाली. तुमच्या प्रश्नाचा खरा कडवट भाग हा आहे. युस्टन ‘आपली’ युक्ती सांगत नव्हता. मोजणी थॉर्पमुळे आधीच जगाची झाली होती, संघाची कल्पना फ्रान्सेस्कोची होती. युस्टनबद्दल मला मनापासून आदर आहे, पण या एका बाबतीत मी फ्रान्सेस्कोच्या बाजूची आहे. ज्याने हाताला धरून शिकवलं त्याला विचारल्याशिवाय असं छापू नये. पुढे ब्लॅकजॅकच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिले जे सात जण निवडले गेले, त्यात हे दोघेही आहेत.

त्याच काळातलं आणखी एक प्रकरण मला खटकतं. कीथ टॅफ्ट नावाच्या इंजिनियरने कपड्यांखाली लपवायचा आणि बुटातल्या बटणांवरून पायाच्या बोटांनी चालवायचा, पत्त्यांचा हिशेब ठेवणारा छोटा संगणक बनवला होता. युस्टनच्या संघाने तोही वापरला. त्या वेळी कायद्याने बंदी नव्हती, नेवाडाने ती १९८५ साली घातली. तरी ‘मी फक्त डोकं वापरतो’ म्हणणाऱ्याने बुटात यंत्र घालावं, यात त्याचाच मुद्दा कमकुवत होतो.

आता ज्यासाठी त्याचं नाव खरं तर घ्यायला हवं ते. मे १९७८ मध्ये न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत पहिला कायदेशीर कॅसिनो उघडला, रिसॉर्ट्स इंटरनॅशनल. तिथले सुरुवातीचे नियम खेळाडूला फारच धार्जिणे होते. डीलरने आपलं ब्लॅकजॅक तपासायच्या आधीच अर्धी रक्कम सोडून माघार घ्यायची मुभा होती, त्यामुळे नीट खेळणाऱ्याला न मोजताही किंचित फायदा मिळे. युस्टन स्वतःचा संघ घेऊन पोचला. जानेवारी १९७९ मध्ये त्याला बाहेर काढलं गेलं. कारण एकच, तो पत्ते मोजतो.

नेवाडातले खटले तो हरला होता. तिथे कॅसिनो म्हणजे खासगी मालमत्ता, मालक कुणालाही जा म्हणू शकतो. तरीही इथे तो पुन्हा कोर्टात गेला, आणि १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकाल न्यायमूर्ती मॉरिस पॅशमन यांचा. खेळाचे नियम ठरवायचा अधिकार कायद्याने राज्याच्या कॅसिनो नियंत्रण आयोगाला दिला आहे, आयोगाने मोजणाऱ्यांना मनाई केलेली नाही, मग कॅसिनोने ती परस्पर करू नये, असा मूळ आधार. त्याच्या जोडीला न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. जो मालक आपली जागा सर्व लोकांसाठी खुली करतो, त्याला कुणालाही मनमानी करून हाकलता येत नाही. वंशभेद, वर्णभेद यांचा इतिहास असलेल्या देशात हे वाक्य जुगाराच्या खटल्यात यावं, हे विशेष आहे.

निकालाने युस्टनचा खिसा मात्र भरला नाही. मोजणाऱ्याला हाकलता येत नाही म्हटल्यावर अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंनी खेळच आवळला. कॅट वाढवले, पत्ते लवकर पिसायला लागले. माघारीची ती उदार सवलत तर निकालाच्या आधीच, १९८१ साली गेली होती. आजही न्यू जर्सीत मोजणारा टेबलावर बसू शकतो, फक्त बसून फार काही हाती लागणार नाही याची व्यवस्था झालेली आहे. नेवाडात अजूनही त्याला बाहेरचा रस्ता दाखवतात.

लेखक म्हणून त्याचा भरभराटीचा काळ हाच. १९८१ चं ‘मिलियन डॉलर ब्लॅकजॅक’ हे त्याचं सर्वांत उपयोगी पुस्तक. मूलभूत खेळापासून अवघड मोजणीपर्यंत पायरी-पायरीने नेतं. त्याच सुमारास तो पॅक-मॅनच्या नादी लागला आणि त्यावरही पुस्तक लिहिलं, ते तर बेस्टसेलर झालं! लोकांना हे विचित्र वाटतं, मला नाही. पॅक-मॅनमधली भुतं वाटेल तशी पळत नाहीत. तुम्ही तीच वळणं त्याच क्षणी घेतलीत तर तीही तशीच हलतात, म्हणून वाट पाठ करता येते. नशिबाचा वाटणारा खेळ नियमावर चाललाय हे ओळखणारी नजर तीच, फक्त टेबल बदललं.

सप्टेंबर १९८७ मध्ये पॅरिसमधल्या भाड्याच्या घरात तो हृदय बंद पडून गेला. वय ५२.

आता तुम्ही न विचारलेला, पण मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. मी संख्याशास्त्र शिकवते आणि अपेक्षित मूल्याच्या तासाला युस्टन येतोच. त्यावर गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जाणारं कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, हे तिथे चालेल का? हिशेब मांडते. समजा तुम्ही उत्तम मोजता आणि एक टक्क्याचा फायदा मिळवलात, जो चांगलाच म्हणायचा. प्रत्येक डावाला हजार रुपये लावून शंभर डाव खेळलात, तर अपेक्षित नफा हजार रुपये. पण एका डावाचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातो ते, लावलेल्या रकमेच्या साधारण १.१५ पट असतं, म्हणजे शंभर डावांचं सुमारे साडेअकरा हजार. हजाराच्या नफ्यामागे साडेअकरा हजारांची हेलकावणी! संपूर्ण बरोबर खेळून दहा हजार हरून उठणं यात अगदी सामान्य आहे. नफ्याने त्या हेलकाव्याची बरोबरी करायलाच तेरा हजारांहून जास्त डाव लागतात. फ्रान्सेस्कोचा संघ का हवा होता हे इथे कळतं. अनेक माणसं, एकच गल्ला, भरपूर डाव. शनिवारची एक संध्याकाळ हातात असलेल्याला ही पद्धत काहीच देत नाही. आणि जिथे वापरलेले पत्ते लगेच पिसण्याच्या यंत्रात परत जातात, तिथे मोजायला काही उरतच नाही.

वाचायचं असेल तर आधी ‘मिलियन डॉलर ब्लॅकजॅक’ घ्या, पत्ते शेजारी ठेवून. ‘द बिग प्लेअर’ नंतर, कथा म्हणून. आणि युस्टन विरुद्ध रिसॉर्ट्स इंटरनॅशनल हा निकाल शोधून वाचाच. लांबलचक नाही, आणि वकील नसलेल्या माणसालाही तो सहज समजतो.