निळ्या टिक आणि थांबलेलं ‘टायपिंग’

"मॅडम, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज वाचलेला दिसतो, निळ्या टिक येतात आणि पुढे काहीच नाही, मग दिवसभर डोकं तिथंच अडकतं, माझं काही चुकतंय का?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की हल्ली उत्तर म्हणून मी एका आई-लेकीची गोष्टच सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, आणि लिहायला दोघींनी हो म्हटलंय.

ताई पन्नाशीच्या, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. समुपदेशनाच्या पहिल्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हे बघा, नऊ चाळीसला वाचलं, एक्केचाळीसला टायपिंग आलं, गेलं, परत आलं, आणि मग गेलं ते गेलंच. काय लिहीत होती आणि पुसलं का?" म्हणजे न आलेल्या उत्तराचीसुद्धा वेळेसकट नोंद! त्यावरून रात्रभर झोप नाही, मुलगी काहीतरी लपवतेय, आपण तिला नकोशा झालोय, इथपर्यंत गाडी पोचलेली.

मी म्हटलं, चॅट जरा वर सरकवून दोघी मिळून वाचूया का? मला खरं तर मुलीचे रिप्लाय बघायचे होते पण नजर अडकली ताईंच्याच एका मेसेजवर: "उठलीस का, जेवण नीट करतेस ना, सर्दी कशी आहे, डॉक्टरकडे गेलीस का, बाबांच्या वाढदिवसाला येणार की नाही ते नक्की सांग, आणि एवढी गप्प का असतेस". एका दमात सहा प्रश्न, आणि शेवटचा तर प्रश्नही नाही, तक्रार आहे. ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभं राहून याला काय उत्तर द्यायचं हो?

पण ते मी लगेच बोलले नाही. आधी टिकचं बोललो, कारण या टिकचा लोक फारच अर्थ लावतात. एक करडी टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून सुटला, दोन करड्या म्हणजे समोरच्या फोनवर पोचला, निळ्या म्हणजे चॅट उघडलं गेलं. बस, एवढंच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चॅट उघडं राहिलं असेल तर माणसाने धड न वाचताही टिक निळ्या होऊ शकतात, आणि उलट नुसत्या नोटिफिकेशनमध्ये अख्खा मेसेज वाचला तरी त्या करड्याच राहतात. व्हॉट्सअ‍ॅपवर या निळ्या टिक 2014 च्या नोव्हेंबरात आल्या, लोकांनी इतकी कुरकुर केली की त्या बंद करायची सोय लगेच द्यावी लागली. तेव्हा ताई, हा त्रास तुमच्या एकटीचा नाही.

मग ‘ओके’ची तक्रार निघाली, मुलगी तुसडेपणाने ओके लिहिते म्हणे. तुसडेपणा कुठे दिसला विचारलं तर "कळतं हो आईला". इथे मला क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांचा 2005 चा प्रयोग आठवतो. त्यांनी लोकांना ईमेलवर काही वाक्यं मनापासून आणि काही टोमणा म्हणून लिहायला लावली. लिहिणाऱ्यांना वाटलं शंभरातली 78 बरोबर ओळखली जातील, प्रत्यक्षात ओळखली गेली 56, आणि डोळे मिटून अंदाज ठोकला असता तरी 50 आलीच असती. आईला कळतं हे मी नाकारत नाही, पण ते आवाजावरून कळतं, दोन अक्षरांवरून नाही.

पुढच्या वेळी मुलीला व्हिडिओ कॉलवर घेतलं. ती म्हणाली, "आई, तुझा मेसेज आला की परीक्षेचा पेपर हातात आल्यासारखं वाटतं गं. सर्दीचं खरं लिहिलं तर तू घाबरणार, वाढदिवसाचं सुट्टीवर अवलंबून, ‘बघते’ लिहिलं की तू रुसणार, म्हणून लिहिते आणि पुसते, रात्री नीट लिहीन म्हणते आणि मग झोपच लागते." ताई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे टायपिंग दिसायचं ते हे?"

"हेच."

मग ठरलं ते साधंच. एका मेसेजात एक प्रश्न. खरंच तातडीचं असेल तर सरळ फोन लावायचा, मेसेज नाही. रुसवाफुगवा चॅटवर काढायचा नाही, रविवारच्या कॉलवर काढायचा, तिथे हवं तेवढं भांडा. आणि मुलीने लांबलचक उत्तराची वाट बघायला लावण्यापेक्षा "वाचलंय, रात्री बोलते" एवढं तरी टाकायचं. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण वाट बघण्यापेक्षा कधीपर्यंत बघायची हे माहीत नसणं जास्त छळतं.

सगळं एकदम सुरळीत झालं असं मुळीच नाही. मध्येच ताईंनी चिडून स्वतःच्या रीड रिसीट, म्हणजे निळ्या टिक, बंद केल्या, "तिलाही कळू दे कसं वाटतं". पण आपल्या बंद केल्या की आपल्यालाही समोरच्याच्या दिसत नाहीत, त्यामुळे तीन दिवसांत परत चालू. शिवाय व्हॉइस मेसेजवर दिसणाऱ्या माइकच्या चिन्हाचं त्या सेटिंगने काहीच बिघडत नाही, तुम्ही ऐकलं की पाठवणाऱ्याकडे तो निळा होतोच.

हे माइक प्रकरण पुढे कामाला आलं. मुलीला टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं पडायला लागलं आणि घरी येता येता ती आईला ऑडिओ पाठवायला लागली. शेवटच्या भेटीला ताई उशिरा आल्या, फोन पर्समध्येच. मी विचारलं, काय म्हणते लेक?

"अहो सात मिनिटांचा ऑडिओ पाठवलाय परवा, ऐकायला वेळ कुठे मिळतोय? आज सकाळी फोन करून ओरडली मला, आई, माइक अजून करडाच दिसतोय म्हणून."