खाडी ओलांडली की पक्ष संपला

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही चौघे मित्र मराठ्यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेवर घरीच युद्धखेळ बसवतोय. मोबाइलवरचा नकाशा मोठा छापून घेतला आणि त्यावर 10 किलोमीटरच्या चौकटी आखल्या. तीनदा खेळलो. तिन्ही वेळा मराठे ठाण्याहून निघाले की दोन चालींत वसईच्या तटाखाली! साष्टी बेटावर बाकी कुणी फिरकतच नाही. नकाशात चुकतंय कुठे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : तू मुलुंडचा, म्हणजे एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी रोज बघतोस. तुझ्या नकाशात नेमकं हेच दोन्ही नाहीत.

आधी चौकटींचं बोलतो. ठाण्याहून वसईचा किल्ला सरळ रेषेत सुमारे 22-23 किलोमीटर, आणि दिशा जवळजवळ बरोबर वायव्य. चौकटीत तिरकी चाल ही सरळ चालीच्या 1.41 पट लांब असते, खेळात मात्र ती एकच घर धरली जाते. म्हणजे तुमचं सैन्य ज्या दिशेला सर्वांत जास्त जाणार, त्याच दिशेला त्याला दर चालीत फुकटची मजल मिळते. षटकोनी घरं घे. सहाही शेजारी सारख्याच अंतरावर येतात.

घर केवढं धरायचं? मी 3 किलोमीटर धरलं, आणि त्याला कारण आहे. वसईच्या समोर, खाडीच्या दक्षिण तीरावर भाईंदरजवळ धारावीचा किल्ला होता (मुंबईतली धारावी ती वेगळी). तो हाती आला की खाडीच्या तोंडावर नजर राहते. 10 किलोमीटरच्या घरात वसई आणि हा किल्ला एकाच सोंगटीखाली जातात, मग त्यासाठी लढणार कोण? ज्या दोन जागांसाठी वेगवेगळं लढायला हवं, त्या वेगळ्या घरांत पडल्या पाहिजेत. तेवढं लहान घर पुरे, त्याहून लहान नको.

मी उभा जन्म आरेखक म्हणून काम केलं, तेव्हा मापं नीट सांगतो. ए-2 कागद उभा धर. घराच्या समोरासमोरच्या दोन बाजूंत 25 मिलिमीटर अंतर ठेव, म्हणजे एक बाजू साधारण 14.4 मिलिमीटर होते. शेजारच्या दोन स्तंभांचे मध्य 21.65 मिलिमीटरवर येतील आणि एक सोडून एक स्तंभ 12.5 मिलिमीटर खाली सरकेल. आधी फक्त मध्यबिंदू टाचणीने टोच, मग जाड पुठ्ठ्याचा एक षटकोन कापून तो बिंदूंवर ठेवत कडा काढ. अर्नाळ्यापासून मुंबईतल्या कुलाब्यापर्यंत उभी 21 घरं आणि कल्याणपर्यंत आडवे 16 स्तंभ सहज बसतात. माहीम-केळवे, तारापूर वरच्या समासात एका चौकोनात टाक. गोव्याला खालच्या समासात चौकोन दे, तिथून पोर्तुगीजांची कुमक समुद्रानेच येईल.

आता पाणी. माझ्या पहिल्या नकाशात मी खाडी घरांमध्ये निळी भरली होती. पुतण्याने सोंगटी त्या निळ्या घरात ठेवली आणि विचारलं, “काका, मी अलीकडच्या काठावर की पलीकडच्या?” मला उत्तर देता येईना. तेव्हापासून खाडी मी घरांच्या कडांवरून नेतो. वसईची खाडी, उल्हास, ठाण्याची खाडी, सगळ्या कडांवर जाड निळ्या रेघा. नियम एवढाच : निळी कड ओलांडली की त्या डावापुरती चाल संपली. होड्या जमवायच्या, तोफा उतरवायच्या, पलीकडे पुन्हा बैल जुंपायचे, यात वेळ जातोच. मोकळ्या घरात शिरायला एक गुण खर्च, डोंगराला दोन, खाजणाला (खाडीकाठच्या दलदलीला) तीन, आणि तोफा घेऊन चालणाऱ्या सैन्याला डावाला खर्चायला दहा गुण. एवढं केलंस की खाडीकाठच्या घोडबंदरला एकदम किंमत येते.

किनारा मात्र आजचा घेऊ नकोस. आजच्या नकाशात भराव आहेत, पूल आहेत. माहीमचा कॉजवे 1845 चा, म्हणजे 1737 मध्ये वांद्र्याहून माहीमला चालत जाणं नाही. मुंबई तेव्हा इंग्रजांची, आणि ती सात बेटांची. तिथे कुणाचीच सोंगटी जाऊ देऊ नकोस.

डाव एका पक्षाचा ठेव, शुद्ध आणि वद्य. भरती-ओहोटीचे नियम लिहायच्या मोहात मी बरेच दिवस होतो. मग लक्षात आलं की दर पक्षात एक उधाण (मोठी भरती) आणि एक भांग (लहान भरती) येऊन जातोच, त्यामुळे या नकाशावर वेगळा नियम लागत नाही. तटाखालची लढाई वेगळ्या कागदावर खेळाल तेव्हा ओहोटी जरूर धरा. पावसाळ्याचे चार महिने मिळून एकच डाव, त्यात समुद्र बंद. मार्च 1737 मध्ये ठाणं घेतलं आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या हिशेबाने साधारण 35 ते 40 डाव होतात. रविवारी चार-पाच खेळलात तर दोन महिन्यांत मोहीम पुरी.

कागद तसाच ठेवलास तर मुंबईच्या दमट हवेत लाटा धरेल. बाइंडरकडून चार पुठ्ठ्यांवर डकवून मागे कापडी पट्टी लावून घे, घडी करून पलंगाखाली जातो. वरून पारदर्शक प्लास्टिक टाकलंस की वेढ्याच्या खुणा लिहिता-पुसता येतात.

नवा नकाशा झाला की एक मोहीम खेळा, आणि घोडबंदर कुणी, कितव्या डावात घेतलं ते मला कळव.