पहिला माहिती अधिकार अर्ज करताय?

गावातल्या रस्त्याचा हिशोब मागायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. पण सुरुवात एकाच कामापासून करा. 'दहा वर्षांचा सगळा खर्च' मागितला की हाती काहीच लागत नाही. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयाचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.

'रस्ता खराब का?' असं विचारू नका. कागद मागा:
– अंदाजपत्रक (कामाला किती खर्च येईल त्याचा आधी केलेला हिशोब)
– कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कागद)
– मोजमाप पुस्तिका

यातली मोजमाप पुस्तिका सगळ्यात मोलाची. लांबी, रुंदी, जाडी, ज्याचं बिल निघालं ते सगळं तिच्यात असतं. तिची प्रत हातात घेऊन, दोन गावकरी सोबत ठेवून टेपने रस्ता मोजा.

अर्जाची पोच घ्याच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागणारा अर्ज, करा; नवखे नेमके इथेच सोडून देतात. दुसऱ्या अपिलाचा विचार आत्ता नको. आणि ग्रामसेवकाशी वाद घालू नका, कागद त्यांच्याकडूनच मिळणार आहेत.