वाचकांचे प्रश्न : डीकन म्हणजे पाद्रीच का?

प्रश्न : आमच्या शेजारचे काका रेल्वेतून रिटायर झालेत, बॅप्टिस्ट चर्चमध्ये कित्येक वर्षं डीकन आहेत. ते पाद्री असतात का? पगार मिळतो का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : नाही ताई, पाद्री वेगळा. डीकन हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ सेवक. बायबलमधे प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 बघा, काही विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जात होतं, तक्रार झाली, मग लोकांनीच 7 माणसं निवडून ते काम त्यांच्याकडे दिलं. या कामाची सुरुवात तिथूनच धरतात, म्हणजे जेवणाच्या ताटापासून, मला हे फार भावतं. बॅप्टिस्टांमधे मंडळीच, म्हणजे त्या चर्चचे सभासदच, डीकन निवडते, आणि पगार सहसा नसतोच.

माझ्या ओळखीतले एक डीकन जळगावात होते. प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमधे भाकरी न् द्राक्षरस घेतात तो विधी) आदल्या रात्री द्राक्षरसाचे बोटभर ग्लास एकेक करून जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे, डाग दिसला की परत धुवायचे. बाप्तिस्म्याला (यांच्यात तान्ह्या बाळाला देत नाहीत, स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पूर्ण पाण्यात बुडवून देतात) ते टॉवेल घेऊन काठावर उभे. आणि रविवारी भक्ती संपली की सायकलला डबा लावून एका एकट्या आजीकडे कळण्याची भाकरी न् ठेचा पोचवायचे, मे महिन्यातल्या उन्हातसुद्धा. मी एकदा विचारलं, काका एखादा रविवार राहिला तर? म्हणाले, "ती वाट बघते ना."

तुमच्या काकांनाही विचारा, ते काय काय करतात ते.